शिक्षक-मुख्याध्यापकांची तंत्रकौशल्ये तपासायची कशी? एका केंद्रापुरती करून पाहिलेली पद्धत

निकालपत्रकांचे दिवस होते. एक सर लॅपटॉपसमोर बसले होते आणि शेजारी कॅल्क्युलेटर होता. एकेका मुलाच्या सहा विषयांच्या गुणांची बेरीज ते कॅल्क्युलेटरवर करत, टक्केवारी काढत आणि आलेला आकडा एक्सेलच्या चौकटीत टाइप करत. छत्तीस मुलांच्या वर्गाला दोन तास लागले. याच सरांनी त्याआधी दोन महिन्यांपूर्वी एका गुगल फॉर्ममध्ये ‘एक्सेल येते का?’ या प्रश्नापुढे ‘होय’ नोंदवले होते. ते खोटे बोलले नव्हते. त्यांना एक्सेल उघडता येत होते, आकडे भरता येत होते, प्रिंटही काढता येत होती. प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता.

शिक्षकांच्या तंत्रकौशल्यांची माहिती आपल्याकडे बहुतेक वेळा अशीच गोळा होते. फॉर्मची लिंक ग्रुपवर येते, ‘आज पाच वाजेपर्यंत शंभर टक्के’ असा निरोप येतो आणि मधल्या सुट्टीत सगळे भराभर ‘होय’ टिचकावून मोकळे होतात. त्या माहितीवर प्रशिक्षण आखले जाते आणि ते सगळ्यांना एकच असते. ज्याला काहीच जमत नाही तो मागच्या रांगेत गप्प बसतो, ज्याला सगळे येते तो कंटाळतो. मी केंद्रातल्या, म्हणजे एका केंद्रप्रमुखाच्या देखरेखीखालच्या आसपासच्या, शाळांबरोबर हे काम वेगळ्या वाटेने करत आले आहे. केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक किंवा साधनव्यक्ती म्हणून तुम्हाला ते करायचे असेल, तर पुढची पद्धत उपयोगी पडेल. गाभा एवढाच आहे की माणसाला काय येते ते विचारू नका. त्याचे रोजचे काम त्याच्याच साधनावर त्याला करू द्या आणि शेजारी बसून पाहा.

आधी हेतू सांगा, आणि लेखी सांगा

तपासणी हा शब्द ऐकला की शिक्षकाच्या डोळ्यांसमोर गोपनीय अहवाल येतो. ती भीती खोटी नाही. म्हणून पहिल्याच शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या मासिक बैठकीत, केंद्रप्रमुखांनी उभे राहून सांगावे आणि इतिवृत्तातही लिहून घ्यावे: ही माहिती फक्त प्रशिक्षण ठरवण्यासाठी आणि साधनांची मागणी करण्यासाठी आहे, गोपनीय अहवालात तिचा उल्लेख होणार नाही, शाळांची किंवा शिक्षकांची क्रमवारी लागणार नाही. हे सांगून नंतर कोणी ग्रुपवर यादी टाकली, तर पुढची पाच वर्षे त्या केंद्रात कोणी खरे सांगणार नाही.

दुसरी गोष्ट, तपासणाऱ्यांनी आधी स्वतः बसावे. केंद्रप्रमुख, साधनव्यक्ती, जमल्यास विस्तार अधिकारीही. तीच कामे, तेवढाच वेळ. आमच्याकडे हे झाले तेव्हा वातावरण एकदम सैल झाले. ‘साहेबांनाही पीडीएफची साइझ कमी करता आली नाही’ ही बातमी दुपारपर्यंत सगळ्या शाळांत पोहोचली आणि दुसऱ्या दिवसापासून लोक मोकळेपणाने ‘हे मला येत नाही’ म्हणू लागले.

कामांची यादी शाळेतच तयार होते

शिक्षकाला तंत्रज्ञानातले काय काय यावे हे मांडणाऱ्या आंतरराष्ट्रीय चौकटी भरपूर आहेत. युनेस्कोच्या शिक्षकांसाठीच्या चौकटीची तिसरी आवृत्ती २०१८ मध्ये आली. तिच्यात सहा पैलू आणि तीन पातळ्या मिळून १८ क्षमता आहेत. युरोपीय आयोगाची २०१७ ची चौकट सहा क्षेत्रांत २२ क्षमता मांडते. दोन्ही वाचाव्यात. पण त्यांचे भाषांतर करून फॉर्म बनवू नये. ‘अध्यापनशास्त्रीय एकात्मीकरण करता का?’ या प्रश्नाला कोणीही ‘होय’ म्हणेल. या चौकटींचा खरा उपयोग शेवटी होतो. आपली यादी तयार झाल्यावर तिच्याशेजारी चौकट ठेवायची आणि एखादा कप्पा अगदीच रिकामा राहिला आहे का ते पाहायचे. आमच्या पहिल्या यादीत मुलांच्या माहितीच्या सुरक्षिततेबद्दल एकही काम नव्हते. ते असे लक्षात आले.

यादी करण्यासाठी दोन-तीन शिक्षकांना आठवडाभर एक चिठ्ठी जवळ ठेवायला सांगा. मोबाइल किंवा संगणक हातात घेऊन केलेले शाळेचे प्रत्येक काम तिच्यावर लिहायचे. आठवड्याअखेर जे जमा होते ते कुठल्याही तज्ज्ञाच्या यादीपेक्षा खरे असते: पोषण आहाराची रोजची नोंद, चाचणीचे गुण भरणे, पालकांच्या ग्रुपवर सूचना, उपक्रमाचे फोटो आणि अहवाल, दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचा एखादा व्हिडिओ, आधारवरचे नाव आणि शाळेतले नाव जुळवणे. एक बाब लगेच डोळ्यांत भरते. यांतली बरीच कामे वर्गाबाहेरची आहेत. ही माहितीही जपून ठेवा, पुढे लागेल.

स्वतःबद्दलचे प्रश्न: ‘येते का’ ऐवजी ‘शेवटचे कधी केले’

प्रश्नावली पूर्ण टाकून द्यायची गरज नाही. ती लहान करा, आठ-दहा प्रश्नांची, आणि प्रत्येक प्रश्न घडलेल्या गोष्टीबद्दल विचारा.

‘पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड शेवटचा कधी स्कॅन केला? कोणता धडा होता?’
‘गेल्या महिन्यात मोबाइलवरचे कोणते काम दुसऱ्याकडून करून घेतले? कोणाकडून?’
‘कोणत्या कामाला हात लावायची भीती वाटते?’

दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे सगळ्यात बोलकी असतात. ‘मुलीकडून’, ‘भाच्याकडून’, ‘गावातल्या सेतूवाल्याकडून, वीस रुपये देऊन’. शाळेचे काम किती घरांतल्या कॉलेजवयीन मुलांच्या खांद्यावर चालले आहे ते इथे कळते. आणि शाळेचा पासवर्ड किती जणांना माहीत आहे, तेही.

पाच कामे, पाऊण तास

आता मुख्य भाग. एका वेळी चार शिक्षक आणि दोन निरीक्षक. चाळीस शिक्षकांच्या केंद्रात दहा बैठका होतात. दिवसाला दोन धरल्या तर पाच दिवसांत काम उरकते. द्विशिक्षकी शाळेतले दोघे एकाच दिवशी बोलावू नका, मुले वाऱ्यावर राहतात. शिक्षकाने रोजचा स्वतःचा मोबाइल वापरावा, संगणकाचे काम शाळेच्या संगणकावर करावे. केंद्रशाळेतल्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर तपासले, तर त्या लॅपटॉपवर काय येते तेवढेच कळेल.

पहिले काम सोपे: दोन पानी कागद मोबाइलवर स्कॅन करून त्याची एकच पीडीएफ करायची, ठरलेल्या आकाराच्या आत बसवायची, नीट नाव देऊन पाठवायची आणि पाच मिनिटांनी ‘तीच फाइल पुन्हा शोधून दाखवा’ असे सांगायचे. पाठवणे बहुतेकांना जमते. शोधणे जमत नाही. फोटो आणि फाइली नेमक्या जातात कुठे, हे कोणीच कधी शिकवलेले नसते.

दुसरे काम गुणांचे. वीस मुलांची, तीन विषयांची तयार शीट द्या. त्यात मुद्दाम दोन गोष्टी पेरून ठेवा. एक मुलगा एका विषयाला गैरहजर आहे. आणि एका चौकटीतला आकडा मजकूर म्हणून साठवलेला आहे, दिसायला मात्र तो आकड्यासारखाच. मग सांगा: बेरीज काढा, प्रत्येक विषयाची वर्गाची सरासरी काढा, सर्वांत कमी गुण असलेली पाच मुले वेगळी करा. गैरहजर मुलापुढे शून्य टाकले तर सरासरी खाली येते. चौकट रिकामी ठेवली किंवा ‘गैरहजर’ लिहिले तर सरासरीचे सूत्र त्या मुलाला धरत नाही. मजकुराच्या रूपातला आकडा बेरजेचे सूत्र गुपचूप वगळते, उत्तरात चूक दाखवत नाही. एखाद्याला सूत्र येत नसेल पण त्याने ‘या मुलाची बेरीज कमी वाटते’ असे म्हटले, तर ते आवर्जून नोंदवा. आकड्याकडे संशयाने पाहणे हे सूत्रापेक्षा मोठे कौशल्य आहे. सूत्र दहा मिनिटांत शिकवता येते.

तिसरे काम मराठी टायपिंगचे. पालकसभेची चार ओळींची सूचना युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही साधनावर तशीच दिसणाऱ्या मराठीत, लिहायची. त्यात ‘शाळेच्या पायऱ्या’, ‘ज्ञानरचनावाद’, ‘कार्यक्रम’, ‘विद्यार्थ्यांसाठी’ असे शब्द घाला. कीबोर्ड कोणता, यावर वाद नको. इन्स्क्रिप्ट असो, गुगलचा असो की बोलून लिहिणे असो. बोलून लिहिलेला मजकूर मात्र पुन्हा वाचून दुरुस्त केला का, ते पाहा. इथे एक अडचण हमखास भेटते. जुन्या शिक्षकांचा आणि लिपिकांचा हात कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फाँटवर बसलेला असतो. त्यांचा वेग पाहून आपण चकित होतो, पण ती फाइल तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांचा गुंता दिसतो, कारण त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे नुसते चित्र बसवलेले असते. पोर्टलवर ते चालत नाही, शोधता येत नाही, नावे क्रमाने लावता येत नाहीत. या माणसाला ‘येत नाही’ या रकान्यात टाकणे हा अन्याय आहे. त्याला टायपिंग उत्तम येते, युनिकोडकडे वळवायचे एवढेच बाकी आहे. नोंद तशीच करा.

चौथे काम मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. शिक्षकाने स्वतःच्या पुढच्या आठवड्यातल्या धड्याचे पान उघडायचे, क्यूआर कोड स्कॅन करायचा, दीक्षावर जे येईल ते पाहायचे आणि सांगायचे: हे मी वर्गात वापरेन की नाही, वापरले तर तासिकेत नेमके कधी आणि त्या वेळी मुले काय करत असतील. दीक्षा २०१७ च्या शिक्षकदिनी सुरू झाले. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याची कल्पना तर आपल्याच जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने रुजवली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत काम करणाऱ्या रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, त्यामागे हे काम होते. असे असताना कोड स्कॅन करता आला म्हणून गुण देऊन मोकळे होणे पुरेसे नाही. निवृत्तीला दोन वर्षे राहिलेल्या एका बाईंना स्कॅन करायला तीन वेळा मदत लागली. पण व्हिडिओ पाहून त्या म्हणाल्या, ‘हा मी दाखवणार नाही. यात बी रुजल्याचं एका मिनिटात दिसतं. माझ्या मुलांनी मटकी भिजवून तीन दिवस वाट पाहिली पाहिजे. मोड आले की मग दाखवेन, आतमध्ये काय घडलं ते समजायला.’ त्या दिवशीचे सगळ्यात नेमके उत्तर तेच होते. साधन हाताळणे आणि साधन कधी वापरायचे ते कळणे, या दोन वेगळ्या रकान्यांत नोंदवायच्या गोष्टी आहेत. दोन्हींची बेरीज करून एक आकडा काढू नका.

पाचवे काम कागदावर होते. दोन प्रसंग छापून द्या. पहिला: ‘आपले वेतन खाते बंद होणार आहे, खालील लिंकवर माहिती भरा’ असा संदेश आला आहे. दुसरा: आधार क्रमांकांसह विद्यार्थ्यांच्या यादीचा फोटो ग्रुपवर टाका, असा निरोप आला आहे. ‘काय कराल?’ पहिल्यात सावध असणारे शिक्षक दुसऱ्यात सहज फसतात, कारण निरोप ओळखीच्या माणसाचा असतो. मुलांच्या माहितीला २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वेगळे संरक्षण दिलेले आहे, हे याच वेळी सांगून टाका. आणि पैशांची फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करायचा, हेही. तपासणीत शिकवू नये असा नियम असला तरी इथे तो मोडावा.

नोंद कशी करायची

शंभरपैकी गुण देऊ नका. चार पायऱ्या पुरतात आणि त्या कोणालाही समजतात: दुसऱ्याकडून करून घेतो, कोणी शेजारी बसले तर करतो, एकट्याने करतो, दुसऱ्याला शिकवतो. शिक्षक अडला की दोन मिनिटे थांबा. मग एकच इशारा द्या आणि तो शब्दशः लिहून ठेवा. ‘वरचे तीन ठिपके दाबा’ एवढ्यावर काम पुढे गेले, तर तो माणूस तिसऱ्या पायरीच्या उंबरठ्यावर आहे. मोबाइल मात्र त्याच्या हातातून घेऊ नका. आपल्याला येत असलेली गोष्ट दुसरा चुकत करताना पाहणे अवघड असते, पण एकदा निरीक्षकाचे बोट पडद्यावर गेले की ती नोंद बाद समजायची.

पायरीशेजारी ‘अडले कशामुळे’ असा रकाना हवा. त्यात तीनच शक्यता: कौशल्य नाही, साधन नाही, मोकळीक नाही. मोबाइलमध्ये जागाच शिल्लक नसल्याने दीक्षा उतरत नाही, हे साधन. घरातला एकच मोबाइल मुलाच्या क्लासला लागतो, हेही साधन. शाळेच्या व्हरांड्यात नेटवर्क नाही म्हणून देवळाच्या टेकडीवर जाऊन माहिती भरावी लागते, हे अर्थातच साधन. मोकळीक म्हणजे काय, ते पुढे येते. आमच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा ‘कौशल्य नाही’चा ढीग अपेक्षेपेक्षा बराच लहान निघाला.

यानंतर जमेल तिथे वर्गातली एक तासिका पाहा, आधी कळवून. साधन कोणाच्या हातात आहे? वीज गेल्यावर तास थांबला की पुढे चालला? व्हिडिओ आधीच उतरवून ठेवला होता का? एवढे तीन प्रश्न पुरेत.

मुख्याध्यापकांची तपासणी वेगळी

मुख्याध्यापकांना हीच पाच कामे देऊन थांबणे ही मोठी चूक आहे. त्यांचे काम बटणे दाबण्याचे कमी, निर्णयाचे जास्त. त्यांच्याबरोबर त्यांच्याच कार्यालयात तासभर बसा. चहा होऊ द्या, मग चार गोष्टी पाहा.

पहिली, आकडे जुळतात का. एका वर्गाचा पट जनरल रजिस्टर (प्रवेशाची नोंदवही), हजेरीपत्रक आणि यूडायस प्लस व सरल ही सरकारी पोर्टले या ठिकाणी किती आहे ते त्यांना शोधून दाखवायला सांगा. फरक निघतोच. फरक का आला आणि कोणती नोंद बरोबर, हे त्यांना सांगता येते का, ते पाहायचे आहे. संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदे मंजूर, हे विद्यार्थीसंख्येवर ठरते. आधारवरच्या नावातल्या एका वेलांटीमुळे मूल पडताळणीत अडकले, तर उद्या शिक्षकाच्या पदावर गदा येते. हा आकडा लिपिकावर सोडण्यासारखा नाही.

दुसरी, ‘तो शिक्षक उद्या बदलून गेला तर?’ बहुतेक शाळांत एक तंत्रस्नेही शिक्षक असतो. यूडायस तोच भरतो, शालार्थ या पगाराच्या पोर्टलवरची बिले तोच पाहतो, ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येतो. एका शाळेत असा शिक्षक जिल्हाबदलीने गेला आणि पगारबिल अडले, कारण नोंदणीचा क्रमांक त्याचा होता आणि पासवर्ड त्याच्या डायरीत. मुख्याध्यापकांना विचारा: लॉगिन कोणते, क्रमांक कोणाचा, बदलायचा कसा, पासवर्ड कुठे बंद करून ठेवले आहेत. सगळे स्वतः करता येण्याची गरज नाही. कोणते काम कोणाकडे आहे आणि त्याच्या मागे दुसरा कोण तयार आहे, हे माहीत असणे हीच त्यांची तिसरी पायरी.

तिसरी, कपाट. जडसंग्रह नोंदवही घ्या आणि नोंदलेले प्रोजेक्टर, टॅब, टीव्ही प्रत्यक्ष दाखवायला सांगा. मी एका शाळेत टॅबची पेटी उघडायला लावली तेव्हा पडद्यांवरचे प्लॅस्टिकही निघालेले नव्हते. वस्तू तीन वर्षांपूर्वीची होती. ‘बिघडलं तर वसुली माझ्याकडून होईल,’ हे मुख्याध्यापकांचे म्हणणे होते आणि त्यात तथ्य होते. शिक्षकांच्या नोंदीतले ‘मोकळीक नाही’ म्हणजे हेच. इथे प्रशिक्षणाने काही होणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव हवा: वर्गात वापरताना साधन बिघडले तर जबाबदारी कोणाची, दुरुस्ती कुठून. ठराव करायला सांगा, नमुना तुम्हीच लिहून द्या.

चौथी, चाचणीचा निकाल हातात देऊन विचारा: ‘यावरून पुढच्या महिन्यात तुम्ही काय बदलाल?’ उत्तर ऐका, दुरुस्त करू नका.

केंद्रप्रमुख आणि वरच्या अधिकाऱ्यांसाठी आणखी एक तपासणी मी आग्रहाने सुचवते. गेल्या महिन्यात शाळांकडून मागवलेल्या सगळ्या माहितीची यादी काढा आणि प्रत्येकीपुढे लिहा: ही आधीच कोणत्या पोर्टलवर होती? पोर्टलवरून माहिती काढता न आल्यामुळे ती पुन्हा शाळेकडे मागणे ही अधिकाऱ्याच्या कौशल्यातली उणीव आहे आणि तिची किंमत वर्गातला तास मोजतो. शिक्षकांनी आठवडाभर लिहिलेल्या त्या चिठ्ठ्या इथे टेबलावर ठेवा.

मग पुढे काय

प्रत्येक शिक्षकाला आठवड्याच्या आत त्याची नोंद समोरासमोर बसून दाखवा. दहा मिनिटे पुरतात. त्यात दोनच गोष्टी ठरवा: पुढच्या तीन महिन्यांत कोणते एक काम एका पायरीने वर न्यायचे आणि कोणाबरोबर. जोड्या कामानुसार लावा. गुणांची शीट जमणारा तरुण शिक्षक आणि धडा कधी, कसा दाखवायचा हे कळणाऱ्या त्या मटकीवाल्या बाई, अशी जोडी दोघांच्याही फायद्याची. दर महिन्याच्या शिक्षण परिषदेतला अर्धा तास या जोड्यांना द्या, भाषणाला नको. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाचे ठेवले आहेत. त्यांतले थोडे तास इथे वळवायला गटशिक्षणाधिकाऱ्यांशी बोलून पाहा.

‘साधन नाही’ची यादी शाळानिहाय करून पंचायत समितीकडे आणि ग्रामपंचायतीकडे द्या. ‘चाळीसपैकी अकरा जणांचा मोबाइल दीक्षा पेलत नाही’ असे नेमके वाक्य ‘साधनांची कमतरता आहे’ यापेक्षा लवकर हलते.

तीन महिन्यांनी तीच पाच कामे आकडे आणि धडे बदलून पुन्हा द्या. सगळ्यांना नको, ज्यांनी जे काम निवडले तेवढेच. नोंदींच्या मूळ प्रती एका फाइलमध्ये, कुलपात. नावे काढून केलेला एकत्रित तक्ता वेगळा ठेवा आणि तोच पुढे पाठवा. केंद्रप्रमुख बदलले तर पदभार देताना फाइलच्या पहिल्या पानावर शिक्षण परिषदेच्या इतिवृत्तातली ती पहिल्या दिवसाची नोंद लावलेली असू द्या, म्हणजे नव्या साहेबांना ही माहिती कशासाठी घेतली होती आणि कशासाठी वापरायची नाही, ते उघडताक्षणी कळेल.